मेलिऑयडोसिसची इंजेक्शनं संपली, ताप गेला. मग अजून तीन महिने गोळ्या का?

तुम्ही दिलेली माहिती थोडक्यात अशी: वडिलांना बरीच वर्षं मधुमेह, स्वतः भातशेती करतात. लावणीनंतर ताप आला, तो हटेना. आधी टीबीचा संशय घेतला गेला, मग रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) मेलिऑयडोसिस या माती-पाण्यातून होणाऱ्या संसर्गाचा जंतू निघाला आणि सोनोग्राफीत यकृतात गळवं दिसली. चार आठवडे मेरोपेनेम या अँटिबायोटिकची इंजेक्शनं झाली. आता ते जेवतात, फिरतात, आणि डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या सेप्ट्रानच्या गोळ्या लिहून दिल्यात. घरात वाद चाललाय की बऱ्या माणसाला एवढं औषध कशाला.

गोळ्या पूर्ण करा. मी किनारपट्टीवरच्या एका रुग्णालयात सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम करतो. दर पावसाळ्यात हा जंतू आमच्याकडे कल्चरमध्ये उगवतो, त्यामुळे हे अगदी कळकळीनं सांगतोय.

या आजाराचा जंतू, बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलेई, हा मुळात माती आणि साचलेल्या पाण्यात राहणारा जीव. चिखलात काम करताना पायाच्या चिरेतून, वादळी पावसात श्वासावाटे किंवा दूषित पाण्यातून तो शरीरात शिरतो. निरोगी माणसाला बहुधा काही होत नाही. मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना आजार किंवा दारूचं व्यसन असलेल्यांना तो गाठतो. शरीरात गेल्यावर तो आपल्याच पेशींच्या आत शिरून राहतो, ज्या पांढऱ्या पेशींनी त्याला मारायचं त्यांच्यातसुद्धा. यकृत, प्लीहा, प्रोस्टेट अशा ठिकाणी गळवं करून बसतो. इंजेक्शनं रक्तातला मोठा हल्ला मोडतात आणि जीव वाचवतात. पेशींत आणि गळवांच्या भिंतींत जे जंतू उरतात, त्यांचा निकाल लावायला गोळ्यांचा लांब टप्पा लागतो. म्हणून या उपचाराचे दोन भाग ठरलेले आहेत: किमान १० ते १४ दिवस, आणि गळू असेल तर चार आठवडे किंवा जास्त इंजेक्शनं, मग किमान तीन महिने को-ट्रायमॉक्साझोल, म्हणजेच तुमची सेप्ट्रान. हाडात किंवा मेंदूत संसर्ग असेल तर सहा महिने.

हे ज्ञान फार महागात मिळालेलं आहे. १९८९ साली थायलंडच्या उबोन रात्चाथानीमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. तोवरच्या जुन्या औषधांवर गंभीर रुग्णांपैकी ७४ टक्के दगावत होते. सेफ्टाझिडीम हे अँटिबायोटिक दिल्यावर ते प्रमाण ३७ टक्क्यांवर आलं. पण वाचलेल्यांपैकी काहींना आजार पुन्हा गाठायचा, बहुतेकदा पहिल्या वर्षातच, आणि त्यामागचं सगळ्यात मोठं कारण होतं गोळ्या अर्धवट सोडणं. उलटलेला आजारही पहिल्याइतकाच जीवघेणा असू शकतो, आणि पुन्हा इंजेक्शनांपासून सुरुवात करावी लागते. पूर्वी गोळ्यांच्या टप्प्यात दोन-तीन औषधं एकत्र देत. २०१४ मध्ये थायलंडमधल्याच मोठ्या चाचणीनं दाखवलं की एकटं को-ट्रायमॉक्साझोलही तेवढंच काम करतं. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी एकच औषध दिलं म्हणून उपचार कमी पडतोय असं समजू नका.

आता गोळ्यांबद्दल, कारण खरी अडचण इथेच येते. या आजारातला डोस लघवीच्या संसर्गाला देतात त्याच्या दुप्पट असतो. वजन ६० किलोच्या वर असेल तर सहसा डबल स्ट्रेंथच्या दोन गोळ्या सकाळी आणि दोन रात्री. शेजारीपाजारी किंवा औषधाच्या दुकानात कोणी ‘एवढ्या कशाला?’ म्हणालं म्हणून कमी करू नका. मूत्रपिंडाच्या तपासण्या बघून डोस डॉक्टरच ठरवतील. सोबत बहुधा फॉलिक ॲसिड दिलं असेल, तेही चालू ठेवा. सुरुवातीच्या आठवड्यांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम यावरून कळतं), पोटॅशियम आणि रक्तपेशींची तपासणी चुकवू नका.

वडिलांच्या इतर गोळ्यांची चिठ्ठीही डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल चालू असेल तर सेप्ट्रानबरोबर पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. शुगरसाठी ग्लिमेपिराइड असेल तर शुगर एकदम खाली येऊ शकते: घाम, थरथर, भोवळ आली तर लगेच साखर द्या आणि डॉक्टरांना कळवा. अंगावर पुरळ उठलं, तोंडात फोड आले किंवा डोळे लाल झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सेप्ट्रान सोसली नाही तर डॉक्सिसायक्लिनसारखे पर्याय आहेत, पण ती अदलाबदल डॉक्टरांनीच करायची.

टीबीचा संशय आला यात नवल नाही. महिनोन्महिने ताप, वजन घटणं, छातीच्या एक्स-रेवर डाग, सगळं सारखंच दिसतं. प्रयोगशाळेतही हा जंतू ‘स्यूडोमोनास’ हा दुसराच जंतू किंवा बाहेरची भेसळ म्हणून बाजूला पडतो. आम्हाला खूण पटते ती औषधांच्या चाचणीत: जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या अँटिबायोटिकना दाद देत नाही, पण अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनेटला देतो. असा निकाल आला की मी तंत्रज्ञांना पुढची तपासणी केल्याशिवाय रिपोर्ट सोडू देत नाही.

आईला सांगा, एकाकडून दुसऱ्याला हा आजार सहसा होतच नाही. ताटवाटी वेगळी ठेवायची गरज नाही. वडील शेतात परततील तेव्हा गमबूट आणि हातमोजे घालू द्या, पायाला जखम असेल तर चिखलात उतरू देऊ नका, आणि शुगर ताब्यात ठेवा. कल्चरच्या रिपोर्टची प्रत घरात जपून ठेवा. पुढे कधीही, अगदी काही वर्षांनीही, ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही तर ती प्रत डॉक्टरांसमोर ठेवा आणि अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी रक्ताचं कल्चर करायला सांगा.