घरच्या गोंधळाला संबळ, तुणतुणे आणि सुंद्री: सॉफ्टवेअर कुठवर साथ देते

नमस्कार.

आपण मस्कतला राहून घरच्या घरी देवीचा गोंधळ रेकॉर्ड केला आहे. गळा आणि पेटी मनासारखी उतरली आहे, पण संबळ वाजवणारे तिथे कुणी नाही, तुणतुणे नाही आणि सुरुवातीच्या आळवणीला सुंद्री (सनईसारखे छोटे वाद्य) हवी आहे. विकतच्या लायब्ररीतली (तयार ध्वनींच्या संग्रहातली) सनई लावली तर ती गाडीच्या भोंग्यासारखी वाटते आणि संबळाच्या जागी तबल्याचा डग्गा घातला तर गोंधळाचे भजन होते, असे आपण लिहिले आहे. आपल्या कानाने दोन्ही गोष्टी अचूक टिपल्या आहेत, पण या दोन बिघाडांची कारणे वेगळी आहेत, म्हणून त्यांचा विचारही वेगवेगळा करावा लागेल.

सॉफ्टवेअरमधले वाद्य म्हणजे बहुतेक वेळा कुणीतरी एकेक स्वर, एकेक घाव सुटा वाजवून ठेवलेला साठा असतो. १९६३ च्या सुमारास इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला मेलोट्रॉन तयार झाला, त्यात प्रत्येक पट्टीखाली सुमारे ८ सेकंदांची फीत बसवलेली होती आणि पट्टी दाबली की ती फीत वाजत असे. आज फितीच्या जागी फाइल आली, एका स्वराच्या जागी हलक्या-जोरकस आघातांचे अनेक थर आले, पण तत्त्व बदललेले नाही. अशा वाद्याकडून स्वर मिळतो, दोन स्वरांमधली वाट मिळत नाही. तुणतुण्याला अशी वाट नसतेच, म्हणून ते सहज जमते. संबळात ती वाट म्हणजे हाताचा वजनदार ठेका असतो आणि तो थोड्या मेहनतीने आणता येतो. सुंद्रीत मात्र सगळे गाणे त्या वाटेवरच असते. आपली मेहनत कुठे खर्च करायची ते यावरून ठरवावे, असे माझे मत आहे.

संबळापासून सुरुवात करतो, कारण गोंधळाचा प्राण तिथे आहे. संबळ ही एकत्र बांधलेली जोडी असते. एक बाजू उंच आणि कडक, दुसरी खर्जाची. खर्जाच्या बाजूवरची काठी टोकाला वळलेली असते आणि ती नुसती आपटत नाहीत, चामड्यावर दाबून घासतातही. डग्ग्यावर मनगटाच्या दाबाने निघणारा घुमारा गोल आणि स्वच्छ असतो, तर संबळाच्या घुमाऱ्यात काठीच्या घासण्याची खरखर मिसळलेली असते. गोंधळ ऐकत वाढलेला कान नेमकी तीच खूण शोधतो आणि ती सापडली नाही की आपल्याला जे जाणवले ते जाणवते. डग्ग्याचा सूर वरखाली करून किंवा इक्वलायझर फिरवून ही खरखर येणार नाही. तबला, सितार, बासरी यांच्या लायब्रऱ्या भरपूर आहेत, परंतु संबळासाठी पैसे मोजून घ्यावी अशी एकही मला आजवर आढळलेली नाही. त्यामुळे संबळाची सॅम्पल, म्हणजे अशा सुट्या घावांची रेकॉर्डिंग, स्वतः करावीत हा माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला आहे. पुढच्या वेळी गावी याल तेव्हा एका वादकाबरोबर दोन तास मिळाले तरी काम होते.

काही वर्षांपूर्वी मी सातारा जिल्ह्यात एका गोंधळी वादकांच्या घरी हे काम केले. माजघरात दोन भिंतींना गोधड्या टांगल्या, माइक वाद्यापासून दोन फुटांवर ठेवला आणि ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर रेकॉर्डिंग सुरू केले. पुस्तकी पद्धतीप्रमाणे मी त्यांना म्हणालो, "एक घाव मारा आणि आवाज विरेपर्यंत थांबा." त्यांनी चार-पाच घाव मारले, पण प्रत्येक घाव दारावर टकटक केल्यासारखा निर्जीव निघाला. ते स्वतःच काठी खाली ठेवून म्हणाले, "ठेका धरल्याशिवाय हात पडत नाही, दादा." मग आम्ही रीत बदलली. त्यांनी दोन आवर्तने पूर्ण ठेका वाजवायचा आणि मला हवा असलेला घाव शेवटी मारून तिथेच हात उचलायचा. अशा रीतीने प्रत्येक घाव चालत्या हातातून आला आणि त्याची विरत जाणारी आसही पूर्ण मिळाली. सॅम्पलसाठी यापेक्षा चांगली पद्धत मला ठाऊक नाही आणि ढोलकी, दिमडी, हलगी या सगळ्यांना ती लागू पडते.

त्या दिवशी एक चूक माझ्याकडून झाली ती आपण टाळावी. खर्जाच्या बाजूचे काम संध्याकाळवर गेले, हवेत दमटपणा आला आणि चामडे सैल पडले. दुपारचे आणि संध्याकाळचे घाव घरी आल्यावर शेजारी ठेवले तर ते दोन वेगळ्या संबळांचे वाटत होते आणि अर्धे काम फेकून द्यावे लागले. दर अर्ध्या तासाने एकच ठरलेला ठेका पुन्हा रेकॉर्ड करून पहिल्याशी ताडून पाहिला असता, तर हे तिथेच लक्षात आले असते आणि वाद्य पुन्हा ताणून घेता आले असते.

घेण्याचे आवाज फार नाहीत. उंच बाजूचा मोकळा घाव, दाबून बंद केलेला घाव आणि काठावरचा घाव. खर्जाच्या बाजूचा साधा घाव आणि घासून काढलेला घुमारा. हे ५ आवाज ३ जोरांत आणि प्रत्येक जोराचे ६ नमुने घेतले की ९० फाइली होतात. सहा नमुने अशासाठी की एखाद्या घावाची तीच फाइल दोनदा लागोपाठ वाजली तर बंदुकीच्या फैरीसारखा यांत्रिक आवाज येतो. सॅम्पलर (या फाइली वाजवणारे सॉफ्टवेअर) आळीपाळीने नमुने वाजवू लागला की हा दोष जातो. सॅम्पलर म्हणून प्लोगचा स्फोर्झांडो किंवा डीसेंट सॅम्पलर हे दोन्ही मोफत आणि पुरेसे आहेत. स्फोर्झांडो वाचतो ती एसएफझेड ही साधी मजकुराची फाइल असल्याने कोणती फाइल कोणत्या पट्टीवर आणि किती जोराला वाजावी हे नोटपॅडमध्येही लिहिता येते. कॉन्टॅक्ट हा सॅम्पलर अधिक समर्थ आहे, परंतु त्याच्या मोफत प्लेयरमध्ये अनेक स्वतंत्र लायब्रऱ्या काही मिनिटांनी बंद पडतात. विकत घेण्यापूर्वी ती लायब्ररी मोफत प्लेयरवर चालते की पूर्ण आवृत्ती लागते हे अवश्य पाहावे.

असे असूनही संपूर्ण गोंधळ सुट्या घावांतून विणू नये. त्याच बैठकीत वादकांकडून क्लिकवर, म्हणजे ठरावीक लयीच्या टकटकीवर, तीन लयींत पूर्ण ठेके, प्रत्येकी दोन-तीन मिनिटे, वाजवून घ्यावेत. मुख्य अंगाला हे खरे वाजवलेले तुकडे वापरावेत आणि सुट्या घावांचा उपयोग उठाण, तिहाई आणि जोड भरण्यासाठी करावा. तुकड्याची लय सॉफ्टवेअरने बदलताना मी शेकडा ५ च्या पलीकडे जात नाही, कारण त्यापुढे घुमारा रबरासारखा ताणला जातो. गोंधळ एका लयीत राहत नाही, तो चढत जातो. म्हणून रीपर किंवा आपण वापरता त्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये लयीची चढती रेषा आपल्या गळ्याच्या ट्रॅकवरून आखून घ्यावी आणि तुकडे तिच्यावर बसवावेत. गळ्याला घड्याळात कोंबू नये. सुटे घाव माउसने न मांडता पॅडवर किंवा कीबोर्डवर बोटांनी वाजवावेत आणि त्या वेळी बफर, म्हणजे संगणक आवाज बाहेर सोडण्याआधी साठवतो तो तुकडा, १२८ ठेवावा. ४८ किलोहर्ट्झला तो सुमारे २.७ मिलिसेकंदांचा होतो आणि हाताला उशीर जाणवत नाही. वाजवून झाल्यावर क्वांटाइझ करण्याचा, म्हणजे घाव घड्याळाच्या आखणीवर सरकवण्याचा, मोह आवरावा.

तुणतुण्याबद्दल थोडक्यात सांगतो. एकच तार, एकच स्वर, त्यामुळे आठ-दहा टोले रेकॉर्ड केले की पुरते. फक्त ते आपल्या षड्जाला लावूनच घ्यावेत. सॉफ्टवेअरने दोन पट्ट्यांपेक्षा जास्त वर-खाली नेले तर तारेबरोबर भांड्याचा नादही सरकतो आणि तुणतुणे खेळण्यातले वाटू लागते.

आता सुंद्री. सोलापूरच्या जाधव घराण्याने जपलेले हे सनईच्या कुळातले छोटे वाद्य असल्यामुळे त्याची जागा लायब्ररीतल्या सनईने घेणे स्वाभाविक होते. ती सनई भोंग्यासारखी वाटते, कारण तिचा प्रत्येक स्वर नव्याने फुंकलेला असतो. प्रत्यक्षात वादक एका श्वासात अर्धे छिद्र उघडतो, ओठांनी पत्ती दाबतो आणि स्वर एकमेकांत वितळवतो. सॅम्पलर एकस्वरी ठेवावा, जेणेकरून दुसरी पट्टी दाबताच पहिली थांबेल. शक्य तिथे दुसरी पट्टी न दाबता पिच बेंडने, म्हणजे स्वर सलग वरखाली सरकवण्याच्या सोयीने, त्या स्वरापर्यंत जावे. बेंडची मर्यादा सहसा २ पट्ट्यांची असते, ती मींडेसाठी (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी) १२ करावी, मात्र हा आकडा सॅम्पलरमध्ये आणि रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये दोन्हीकडे एकच असला पाहिजे. नाहीतर गंधाराकडे निघालेली मींड भलत्याच स्वरावर जाऊन थांबते. लायब्ररीतले ठरावीक वेगाचे कंपन बंद करावे. श्वासाचा चढउतार एक्सप्रेशनवर, म्हणजे कीबोर्डच्या मिडी संदेशांतल्या कंट्रोलर क्रमांक ११ वर, हाताने काढावा. मी स्वतः आधी ती ओळ आकारात गाऊन रेकॉर्ड करतो आणि गळ्याची स्वररेषा डोळ्यांसमोर ठेवून बेंड आखतो; नुसत्या कल्पनेने काढलेली मींड सरळसोट होते, गळ्याची मींड स्वराजवळ येताना मंदावते.

स्वरस्थानांचाही प्रश्न आहे. लायब्ररीतली सनई पेटीसारखी समान अंतरांवर लावलेली असते. तिचा शुद्ध गंधार षड्जापासून ४०० सेंटवर (एका पट्टीचे १०० सेंट) असतो, तर तंबोऱ्यातून उमटणारा गंधार ३८६ सेंटवर असतो. आळवणीला पेटी नसेल आणि केवळ तंबोरा असेल, तर हे १४ सेंट कानाला टोचतात. बेंडची मर्यादा २ पट्ट्या असेल तर ते बेंडच्या मोजणीत सुमारे ५७३ एकके खाली, १२ असेल तर सुमारे ९६ एकके खाली येतात. प्रत्यक्षात आकड्यावर न थांबता आपल्या गळ्याशी मिळवून घ्यावे, कारण या गाण्यात प्रमाण गळा आहे, पेटी नाही.

एवढे सगळे करूनही सॉफ्टवेअरच्या सनईवर मी दोन-तीन स्वरांची हाक, गाण्याच्या ओळीमागे हलकी साथ आणि लांब टिकवलेला षड्ज यापलीकडे विश्वास ठेवत नाही. आपल्याला दीड मिनिटाची आळवणी हवी आहे आणि ती सुंद्रीचीच हवी आहे. तिच्यासाठी वादकच शोधावा, असे मी मनापासून सांगतो.

मिश्रणात एकच गोष्ट सर्वांत जास्त बिघडते: लायब्ररीतला आवाज मोठ्या सभागृहाची आस (रिव्हर्ब, म्हणजे जागेतला घुमणारा नाद) घेऊन येतो आणि आपला गळा खोलीतला कोरडा असतो. लायब्ररीतली आस पूर्ण बंद करून सगळ्यांना मिळून एकच छोट्या जागेची आस द्यावी. गोंधळ अंगणात, मांडवात होतो, त्याला लांबलचक घुमणारी आस खोटी वाटते. संबळाच्या दोन बाजूही डावी-उजवीकडे फार फाकवू नयेत. ते एका माणसाच्या कमरेला बांधलेले एकच वाद्य आहे.

वादकांना मानधन द्यावे, त्यांचे घाव कोणकोणत्या गाण्यांत वापरणार हे आधी सांगावे आणि गाण्याच्या श्रेयात "संबळ: अमुक यांच्या वादनातील सॅम्पलवरून" असे स्पष्ट लिहावे. विकतच्या लायब्ररीतले आवाज आपल्या गाण्यात सहसा वापरता येतात, पण ते सुटे करून इतरांना वाटण्याची परवानगी सहसा नसते.

सुंद्रीसाठी दूरच्या वादकांशी जमले, तर त्यांना आपला तंबोरा, गळा आणि क्लिक अशा तीन वेगळ्या फाइली पाठवाव्यात, तिन्ही एकाच क्षणापासून सुरू होणाऱ्या आणि सुरुवातीला एक टाळी असलेल्या. त्यांनी हेडफोनवर ऐकत वाजवावे, म्हणजे तंबोरा माइकमध्ये शिरणार नाही, आणि माइक वाद्याच्या तोंडासमोर न धरता थोडा बाजूला, तीन फुटांवर ठेवावा. परत येणारी फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट वेव्ह असावी आणि व्हॉट्सॲपवर पाठवायची तर ऑडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, कारण ऑडिओ म्हणून पाठवली की ती दाबली जाते. निदान तीन वेळा वाजवून घ्यावे, आणि पहिल्या वेळचे वादन चुकले म्हणून पुसू नका असे आवर्जून सांगावे. बहुतेकदा मला तेच ठेवावेसे वाटले आहे.