वाचकांचे प्रश्न: कमरेचा बेल्ट कोणता, किती घट्ट, किती वेळ?

या अंकासाठी कंबरदुखी आणि बेल्ट याच विषयावरचे प्रश्न निवडले आहेत. दुकानात जाण्याआधी एक काम घरीच करा. दुखतं नेमकं कुठे, ते एका बोटाने दाखवा. बरगड्यांच्या खाली मधोमध, की नितंबाच्या वरच्या खळग्यात एका बाजूला, की दोन खांद्यांच्या फऱ्यांखाली पाठीत? या तिन्ही ठिकाणांचे बेल्ट वेगळे असतात.

प्रश्न : माझं वय ५४. तीन वर्षांपासून कंबर दुखते. एक्स-रेमध्ये मणक्यांची झीज निघाली. सीताबर्डीतून एल. एस. बेल्ट आणला. उभी असले की बरं वाटतं, पण बसले की तो वर सरकून बरगड्यांत रुततो आणि पुढून मांडीत टोचतो. दुसरा कोणता घेऊ?
— गृहिणी, रेशीमबाग

उत्तर : आधी झिजेबद्दल. काहीही दुखत नसलेल्या पन्नाशीतल्या माणसांची तपासणी केली, तरी बहुतेकांच्या मणक्यांमधल्या गाद्यांची झीज दिसते. त्या एका शब्दाने घाबरून जाऊ नका आणि केवळ त्या रिपोर्टवरून जन्मभराचा बेल्टही लावून घेऊ नका.

एल. एस. बेल्ट म्हणजे मागे दोन किंवा चार उभ्या पट्ट्या असलेला रुंद इलॅस्टिकचा बेल्ट. तो मणके जागेवर धरून ठेवतो असा समज आहे, पण दोन मणक्यांमधली बारीक हालचाल कापडी बेल्ट थांबवू शकत नाही. तो खोल वाकणं आणि बाजूला झुकणं कमी करतो, पोटावर दाब देऊन मणक्यांना पुढून थोडा आधार देतो, ऊब देतो आणि वाकताना आठवण करून देतो. म्हणून तो ठराविक कामापुरताच उपयोगी आहे.

तुमच्या तक्रारीवरून बेल्टची उंची तुम्हाला जास्त होते आहे. दुकानात कमरेचा घेर मोजतात, उंची सहसा कोणी मोजत नाही. पाठ सरळ ठेवून टणक खुर्चीवर बसा आणि शेवटच्या बरगडीपासून खुर्चीच्या बैठकीपर्यंतचं अंतर टेपने मोजून घ्या. बेल्टची मागची उंची यापेक्षा थोडी कमीच हवी. ठेंगण्या बांध्याच्या बाईला १० इंची बेल्ट बसल्यावर रुततोच; त्यांनी ८ इंची मागावा. पोट सुटलेलं असेल तर पुढचा भाग अरुंद असलेला घ्या, नाहीतर वरची कड दुमडून काठी होते.

घेर मोजताना परकराची गाठ सोडून, पातळ कपड्यावर, उभं राहून, श्वास सहज सोडल्यावर टेप लावा. टेप जमिनीला समांतर हवा. काही कंपन्या बेंबीच्या रेषेत माप धरतात, काही नितंबावर. ते पाकिटावर छापलेलं असतं. सलवारच्या किंवा पँटच्या मापावरून बेल्ट घेऊ नका. वेल्क्रो अगदी टोकाला जेमतेम चिकटत असेल तर बेल्ट लहान आहे. पट्टा पोटावरून दुसऱ्या कुशीपर्यंत जात असेल तर मोठा.

मागच्या पट्ट्यांकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. कंबरेला आत वळलेली पोकळी असते आणि नव्या बेल्टची पट्टी बऱ्याचदा सरळ असते. मग ती फक्त वर आणि खाली टेकते, मधली पोकळी तशीच राहते आणि बेल्ट कितीही आवळला तरी आधार मिळत नाही. ॲल्युमिनियमची पट्टी वाकते. ती फिजिओथेरपिस्टकडून तुमच्या कमरेच्या वळणाप्रमाणे वाकवून घ्या. पट्ट्या मणक्याच्या उंचवट्यावर न येता दोन्ही बाजूंना यायला हव्यात.

घालताना बेल्टवरचं कंपनीचं नाव समोरच्याला सरळ वाचता आलं पाहिजे. उलटा बेल्ट घालणारे पुष्कळ दिसतात. खालची कड मागे माकडहाडाच्या वरच्या सपाट हाडावर टेकवा, श्वास सोडा, पोट किंचित आत घ्या, मोठा वेल्क्रो लावा आणि मग बाजूचे दोन्ही पट्टे एकाच वेळी सारख्या जोराने ओढा. आत दोन बोटं सरकली पाहिजेत आणि खोल श्वास अडता कामा नये. आत सुती बनियन, वरून बेल्ट आणि त्याच्यावरून परकर. नाडीची गाठ बाजूला घ्या. गाठ बेल्टखाली आली की तिथे वळ उठतो.

दुकानातच १० मिनिटं बसून पाहा. मांडीच्या बाहेरच्या अंगाला बधिरपणा किंवा आग झाली, तर खालची कड तिथल्या नसेवर दाबते आहे. तो बेल्ट घेऊ नका.

प्रश्न : बाळंतपणाला चार महिने झाले. कुशीवर वळताना आणि जिना चढताना उजव्या नितंबाच्या वर कळ येते. सासूबाई पोटाचा पट्टा बांधायला सांगतात. चालेल का?
— शिक्षिका, नरेंद्रनगर

उत्तर : तुमचं वर्णन माकडहाडाच्या बाजूच्या सांध्याकडे बोट दाखवतं. त्यासाठी पोटाचा पट्टा नव्हे, तर दोनतीन इंच रुंदीचा एस. आय. बेल्ट असतो. तो कमरेवर नाही, त्याच्या खाली बांधायचा: समोरच्या दोन टोकदार हाडांच्या खाली आणि मांडीच्या बाहेरच्या गोल उंचवट्याच्या जरा वर. योग्य जागी बसला की एका पायावर उभं राहणं लगेच सोपं वाटतं; नाही वाटलं तर जागा किंवा निदान, दोनपैकी एक चुकलं आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवून घ्या आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या. पोट करकचून आवळलं तर दाब नेमका याच सैल झालेल्या स्नायूंवर खाली येतो.

प्रश्न : कळमना बाजारात हमाली करतो. वय ३८. कंबर सारखी धरते. सोबतचे म्हणतात दिवसभर बेल्ट बांध, काही होणार नाही. डॉक्टर म्हणतात बेल्टच नको. कोणाचं ऐकू?
— हमाल, कळमना

उत्तर : या बाबतीत डॉक्टरांचं ऐका. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. नेहमीच्या उपचारात कमरेचे बेल्ट वापरू नयेत, असं त्यांत म्हटलं आहे. अमेरिकेत दुकानांत माल हाताळणाऱ्या सुमारे ९ हजार कामगारांवर झालेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. रोज बेल्ट बांधणाऱ्यांची कंबर कमी दुखावली, असं त्यात आढळलं नाही.

बेल्ट बांधला की अंगात बळ आल्यासारखं वाटतं आणि माणूस एरवी उचलला नसता असा बोजा उचलतो. कामगारांच्या सुरक्षेवर काम करणारी अमेरिकेची सरकारी संस्था नायोश हिने सगळी परिस्थिती अनुकूल असतानाही २३ किलोची मर्यादा धरली आहे. तुमचं पोतं ५० किलोचं. बेल्टने हा हिशेब बदलत नाही.

जे बदलतं ते असं: पोतं जमिनीवरून एकट्याने न उचलता दोघांनी उचलून खांद्यावर द्यायचं. शक्य असेल तर थप्पी कमरेच्या उंचीवरून फोडायची. बोजा अंगाशी घ्यायचा आणि वळताना कंबर पिळण्याऐवजी पाय फिरवायचे. सकाळी उठल्यावर पहिल्या तासात मणक्यांमधल्या गाद्या पाण्याने फुगलेल्या असतात, तेव्हा खोल वाकून उचलणं टाळा. कंबर धरलेल्या चारसहा दिवसांत हलकं काम करताना बेल्टने बरं वाटत असेल तर बांधा, पण कामाच्या मध्ये सैल सोडा. रक्तदाब, हर्निया किंवा छातीत जळजळ असेल तर आवळलेला बेल्ट त्रास वाढवतो. ठेकेदाराने बेल्ट दिला म्हणून बोज्याचं वजन कमी करण्याची त्याची जबाबदारी संपत नाही, हे आम्हाला स्पष्टपणे सांगायचं आहे.

प्रश्न : वडील ७२ वर्षांचे. कूलरमध्ये पाणी भरताना बादली उचलली आणि पाठीत कट्‌कन झालं. दोन आठवडे झाले, एल. एस. बेल्टने काही फरक नाही. झोपल्यावर बरं, उठताना जीव जातो.
— वाचक, मानेवाडा

उत्तर : आज-उद्याच एक्स-रे काढा. भरलेली बादली १५ ते २० किलोची असते. या वयात हाडं ठिसूळ असतील तर वाकून ती उचलताना मणका दबून मोडू शकतो. असं बहुधा पाठ जिथे संपते आणि कंबर सुरू होते तिथल्या मणक्यांत होतं, म्हणजे एल. एस. बेल्टच्या वरच्या कडेच्या आसपास किंवा तिच्याही वर. दुखऱ्या जागेला त्या बेल्टचा आधार मिळतच नाही.

मणका दबला असेल तर डॉक्टर टेलर ब्रेस किंवा ॲश ब्रेस देतात, साधारण ६ ते १२ आठवडे. टेलर ब्रेसला खांद्यावरून पट्टे असतात. तो पलंगावर झोपूनच घालायचा: अंग ओंडक्यासारखं एकसंध कुशीवर वळवायचं, ब्रेस पाठीशी लावायचा, पुन्हा उताणं व्हायचं. आधी पोटाचा पट्टा, मग खांद्याचे. उलट क्रमाने बांधला की ब्रेस वर चढतो आणि काखेतला पट्टा रुतून हाताला मुंग्या येतात. ॲश ब्रेसला छातीवर आणि ओटीपोटावर टेकणारे दोन पॅड असतात. तो पुढे वाकू देत नाही.

ब्रेसवर थांबू नका. हाडांची घनता तपासून घ्या आणि ठिसूळपणावर औषध सुरू करा, नाहीतर पुढचा मणका दबण्याचा धोका राहतो. संध्याकाळचा ताप, घटलेलं वजन किंवा पूर्वी कर्करोग असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. मणक्याचा क्षयरोग आपल्याकडे दुर्मीळ नाही. लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल लुळं पडलं, तर रात्र असली तरी मेडिकल किंवा मेयो या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या आकस्मिक विभागात न्या. कूलरला नळी लावून घ्या.

प्रश्न : वय २६, मिहानमध्ये ऑफिसचं काम. सकाळी तासभर कंबर आखडलेली असते, चाललो की मोकळी होते. पहाटे दुखण्याने जाग येते. ऑनलाइन पोश्चर बेल्ट घेतला, फरक नाही.
— वाचक, खामला

उत्तर : हा बेल्टचा प्रश्नच नाही. चाळिशीच्या आत सुरू झालेली, विश्रांतीने वाढणारी आणि हालचालीने कमी होणारी कंबरदुखी, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडणं, पहाटेची जाग, हे सगळं मणक्याच्या संधिवातात दिसतं. अस्थिरोगतज्ज्ञांऐवजी थेट संधिवाततज्ज्ञांकडे जा. डोळा लाल होऊन दुखला असेल, घरात सोरायसिस असेल, तर तेही सांगा. या आजारात पाठ बांधून ठेवणं चूक आहे. तिला रोज हलवायला हवं.

प्रश्न : चार महिने बेल्ट वापरते आहे. काढला की भीती वाटते. स्नायू कमजोर झाले असतील का?
— वाचक, प्रतापनगर

उत्तर : बेल्टने स्नायू सुकतात असं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. अडचण वेगळी आहे: बेल्टच्या भरवशावर व्यायाम सुटतो आणि भीती घट्ट होते. पहिल्या आठवड्यात घरात बसताना आणि जेवताना काढा. दुसऱ्या आठवड्यात स्वयंपाक करतानाही नको. तिसऱ्यात तो फक्त दुचाकीच्या किंवा बसच्या लांब प्रवासापुरता ठेवा. झोपताना तर आजपासूनच नको. सोबत उताणं झोपून, गुडघे वाकवून नितंब उचलायचे, ५ सेकंद धरायचे, १० वेळा; आणि चालणं १० मिनिटांपासून सुरू करून अर्ध्या तासापर्यंत वाढवायचं. बेल्ट काढल्यावर पहिले दोनतीन दिवस थोडं जास्त दुखलं तरी काही बिघडलं असं समजू नका. दुखणं पायात उतरू लागलं तर मात्र दाखवा.

प्रश्न : मे महिन्यात बेल्टखाली घामोळ्या आणि खाज. चुंबकाचा बेल्ट हलका मिळतो, तो घेऊ का?
— वाचक, इतवारी

उत्तर : चुंबकाचा उपयोग होतो याला पुरावा नाही, त्याचे जास्तीचे पैसे देऊ नका. पारा ४५ च्या घरात असताना नागपुरात रबरी फोमचा बेल्ट तासभरही सोसत नाही, म्हणून जाळीच्या कापडाचा घ्या. काम सकाळी उरका, तेवढ्यापुरता बांधा, आतलं बनियन भिजलं की बदला. गोल, कडेला लाल चट्टा दिसला तर तो गजकर्ण असू शकतो. दुकानातून स्टिरॉइड मिसळलेलं मलम आणून लावू नका, त्याने तो पसरतो आणि चिवट होतो.

बेल्ट दोनतीन दिवसांनी धुवा. आधी पट्ट्या काढा, वेल्क्रो बंद करा म्हणजे त्यात धागे अडकत नाहीत. कोमट पाण्यात साध्या साबणाने हाताने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत आडवा पसरून वाळवा. गच्चीवरच्या उन्हात इलॅस्टिकचा ताण लवकर जातो. ताणून सोडल्यावर बेल्ट मूळ लांबीवर येत नसेल किंवा खोकताना वेल्क्रो सुटत असेल, तर तो बदलायला झाला.