केम्प्टनचा बॉक्सिंग डे: महालक्ष्मीवाल्याने काय बघावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: काकांबरोबर मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सला वर्षानुवर्षं रेस पाहिल्या, आता नोकरीनिमित्त हाउन्स्लोला आलोय, २६ डिसेंबरला, म्हणजे बॉक्सिंग डेला, लंडनजवळच्या केम्प्टन रेसकोर्सला जायचा बेत आहे, पण उड्यांच्या शर्यतीतलं ओ की ठो कळत नाही. कार्ड कसं वाचायचं आणि त्या दिवसाच्या मुख्य शर्यतीत, किंग जॉर्जमध्ये, कोणावर नजर ठेवायची?

घोड्याचं नाव सांगून मोकळा होणार नाही, कारण पळणाऱ्यांची पक्की यादी नाताळच्या तोंडावर येते आणि तोवर अर्धे घोडे आयर्लंडला वळलेले असतात. २६ तारखेलाच डब्लिनजवळच्या लेपर्ड्सटाउनची चार दिवसांची नाताळ मीटिंग सुरू होते. बड्या आयरिश ट्रेनरांकडे दोन्हीकडची नावं असतात आणि शेवटच्या क्षणी एक कापलं जातं. यादी आली की ती कशी चाळायची, तेवढं सांगतो.

आधी महालक्ष्मीची एक सवय सोडा. ड्रॉ, म्हणजे सुरुवातीला कोणत्या घोड्याला कोणती जागा, ते बघू नका, कारण इथे ड्रॉच नाही. स्टार्टिंग गेटही नाही. घोडे गोलगोल फिरत एका पट्टीच्या दिशेने येतात, ती उडाली की शर्यत सुरू. अंतर तीन मैल, म्हणजे साधारण ४,८०० मीटर. आपली इंडियन डर्बी २,४०० मीटरची, म्हणजे ही तिच्या दुप्पट, आणि मध्ये १८ फेन्स, म्हणजे काटक्यांचे उंच अडथळे. वजन ११ स्टोन १० पौंड, म्हणजे ७४ किलोच्या वर. घोडीला ७ पौंडांची सूट. हँडिकॅप, म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादणं, इथे नाही, त्यामुळे ‘वजन हलकं लागलंय’ हा आपला लाडका युक्तिवाद इथे चालत नाही. वयाचंही तसंच. महालक्ष्मीला चार-पाच वर्षांचा घोडा जुना वाटायला लागतो, इथे सात ते नऊ म्हणजे भर उमेद. कौतो स्टार पाचव्यांदा ही शर्यत जिंकला तेव्हा अकरा वर्षांचा होता.

आता मुद्द्याचं. केम्प्टन सपाट आहे, उजव्या हाताने पळवतात आणि आकार तिकोनी. वळणं तीव्र, चढ नाही. चेल्टनहॅमच्या गोल्ड कपमध्ये शेवटी चढण लागते आणि तिथे दम नसलेला घोडा उघडा पडतो. केम्प्टनला तशी चाळणी नाही. म्हणून लोक म्हणतात की इथे वेगवान घोडा हवा, दम दुय्यम. हे निम्मंच खरं. इथे चाळणी लावतो तो पुढे पळणाऱ्यांचा वेग. सपाट ट्रॅकवर कोणी थांबत नाही, दर फेन्सला अर्धी-पाऊण लेंग्थ (घोड्याची लांबी) कमवायची नाहीतर गमवायची, आणि अठरा वेळा तसं झालं की हिशेब मोठा होतो. म्हणून यादी हातात आली की पहिला प्रश्न हा विचारायचा: यातले पुढे पळणारे किती?

एकच असेल तर त्याला हलक्यात घेऊ नका. २०२० साली फ्रोडनला २०/१, म्हणजे एकाला वीस, भाव होता. ब्रायोनी फ्रॉस्टने त्याला पुढे काढला, मनाजोगत्या गतीने पळवला आणि कोणालाही गाठू दिलं नाही. किंग जॉर्ज जिंकणारी ती पहिली महिला जॉकी. ती शर्यत परत बघा आणि फेन्सजवळ येताना घोड्याचे कान बघा: पुढे ताठ, पावलं मोजून, कुठेही अडखळ नाही. मागचे घोडे मात्र प्रत्येक फेन्सला थोडं थोडं घाईत उडतात, आणि ती घाईच त्यांना खाते.

पुढे पळणारे दोन-तीन असतील तर उलटं होतं. ते एकमेकांना सोडत नाहीत, शेवटच्या तीन फेन्सपर्यंत सगळ्यांची हवा निघते, आणि मागून कोणीतरी शांतपणे येतो. २०२१ ला टॉर्नेडो फ्लायर २८/१ ने असाच आला. २०२३ चा ह्यूइक तर अख्ख्या शर्यतीत बहुतेक वेळ कुणाच्या खिजगणतीत नव्हता. शिश्किन ऐन मोक्याला अडखळून जॉकी खाली आला, बाकीचे थकले, आणि ८५० युरोला घेतलेला हा घोडा शेवटी सगळ्यांना मागे टाकून गेला. २०२४ ला इल ए फ्राँसे सगळ्यांना खेचत पुढे पळाला, उड्या अशा की बघत राहावं, पण शेवटच्या फेन्सनंतर बॅनब्रिजने त्याला धरलं. हे तिन्ही विजेते आयर्लंडचे. लेपर्ड्सटाउन दारात असताना जो आयरिश ट्रेनर समुद्र ओलांडून केम्प्टनला घोडा आणतो, तो सहलीला येत नाही. मी असा घोडा भाव बघून कधीच खोडत नाही.

इंग्लंडकडचं नाव विचाराल तर ट्रेनर पॉल निकल्स. १९९७ च्या सी मोअर बिझनेसपासून २०२२ च्या ब्रेव्हमन्सगेमपर्यंत या शर्यतीत त्यांचे तेरा विजय झाले, त्यातले पाच एकट्या कौतो स्टारचे: २००६ ते २००९ सलग चार आणि मग २०११. २००९ ला तो ३६ लेंग्थनी जिंकला. ग्रेड वन, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या, शर्यतीत एवढा फरक म्हणजे बाकीच्यांनी दुसऱ्या नंबरची वेगळी शर्यत लावली, एवढंच. त्याच्या आधीचा राजा डेझर्ट ऑर्किड, पांढरा घोडा, चार वेळा विजेता: १९८६, १९८८, १९८९, १९९०. दोघांचे पुतळे तिथे आहेत आणि डेझर्ट ऑर्किडची रक्षाही त्याच्या पुतळ्याजवळ पुरलेली आहे. गेट उघडल्या उघडल्या तिकडे चक्कर मारा, नंतर गर्दीत जमत नाही.

आता कार्ड. घोड्याच्या नावाआधी आकडे आणि अक्षरं असतात, उजवीकडचं सगळ्यात ताजं. समजा लिहिलंय १२एफ-१पी२. आडवी रेघ म्हणजे मोसम बदलला. एफ म्हणजे पडला, यू म्हणजे जॉकी पडला पण घोडा उभा राहिला, बी म्हणजे दुसऱ्याच्या पडण्यात हा सापडला, पी म्हणजे जॉकीने मध्येच थांबवला, आर म्हणजे फेन्ससमोर अडला. फ्लॅटवाला, म्हणजे बिनउड्यांच्या शर्यती बघणारा, माणूस एफ बघून घाबरतो आणि पी कडे दुर्लक्ष करतो. मी उलट करतो. एकदा पडणं कोणाच्याही नशिबी येतं. पी लागोपाठ दोनदा आला तर घोड्याच्या श्वासात, पाठीत नाहीतर मनात काहीतरी बिघडलंय. बी ला तर शून्य किंमत द्या, त्यात घोड्याची चूकच नसते.

त्यानंतर बघायचं शेवटची रन कुठे झाली. अनेक मोठे घोडे नोव्हेंबरच्या उत्तरार्धात हेडॉक रेसकोर्सच्या बेटफेअर चेसमधून येतात (चेस म्हणजे फेन्सवरची शर्यत). ती डाव्या हाताची आणि बहुतेकदा चिखलातली शर्यत. तिथे जीव काढून जिंकलेला घोडा महिन्याभरात पुन्हा तसाच ताजा असेलच असं नाही. कौतो स्टारने एकाच मोसमात दोन्ही जिंकून दाखवलं, पण सगळे कौतो स्टार नसतात. शिवाय उजवा-डावा हा प्रकार इथे फार मोठा आहे. काही घोडे उडताना सवयीने डावीकडे झुकतात. उजव्या ट्रॅकवर असा घोडा दर फेन्सला बाहेर जातो आणि परत आत यायला जमीन घालवतो. त्याचे जुने व्हिडिओ समोरच्या कॅमेऱ्यातून बघा, दोन फेन्समध्ये कळतं.

जमिनीबद्दल. आपल्याकडे जमीन किती मऊ हे मोजणाऱ्या पेनेट्रोमीटरचा आकडा बघायची सवय, इथे गोइंग, म्हणजे जमिनीची स्थिती, शब्दांत सांगतात: गुड, गुड टू सॉफ्ट, सॉफ्ट, हेवी. केम्प्टनचं पाणी चांगलं झिरपतं, त्यामुळे ऐन डिसेंबरातही ते हेडॉकसारखं दलदलीत जात नाही. यादी येते आणि शर्यत होते यामध्ये नाताळचे दिवस असतात, तेवढ्यात पाऊस झाला तर सगळं गणित बदलतं. सकाळी गोइंग पुन्हा बघूनच निघा. खरा शत्रू पाऊस नाही, थंडीचं दव गोठणं. १९९५ ची किंग जॉर्ज अशीच हुकली आणि जानेवारी १९९६ ला सँडाउनला झाली, वन मॅन जिंकला. २०१० चीही जानेवारीत ढकलली, आणि सॅम वेली-कोहेन या हौशी जॉकीने लाँग रनवर बसून ती मारली. आणखी एक गोष्ट फ्लॅटवाल्याला चमत्कारिक वाटेल: डिसेंबरात सूर्य कधीकधी इतका खाली असतो की घोड्यांच्या डोळ्यावर येतो, मग सरळ रेषेतले अडथळे वगळूनच शर्यत पळवतात. फेन्स कमी झाले की चांगल्या उड्या मारणाऱ्याचा फायदाही कमी होतो. असं जाहीर झालं तर तुमचा हिशेब तिथल्या तिथे बदला.

किंग जॉर्जखेरीज त्या दिवशी आणखी दोन ग्रेड वन असतात. ख्रिसमस हर्डल दोन मैलांची. हर्डल म्हणजे साडेतीन फुटी हलकी चौकट, लागली तर मागे लवते; फेन्स मात्र किमान साडेचार फुटी, गच्च भरलेल्या काटक्यांची. २०२२ ते २०२४ तिन्ही वर्षं ही शर्यत कॉन्स्टिट्यूशन हिलने जिंकली, शेवटच्या वेळी लॉसीमाउथसारख्या घोडीला हरवून. आणि त्याच घोड्याने २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये चेल्टनहॅमला आणि एन्ट्री (Aintree) रेसकोर्सला लागोपाठ दोन पडणी घेतली. उड्यांच्या शर्यतीत ‘पक्का’ असं काही नसतं, ते असं. दुसरी कौतो स्टार नोव्हिसेस चेस, तीन मैल, त्या मोसमाआधी फेन्सवर एकही शर्यत न जिंकलेल्या घोड्यांची. माझी स्वतःची आवड विचाराल तर ही. इथे पुढच्या वर्षीचा किंग जॉर्जचा घोडा दिसू शकतो. २०२३ ला इल ए फ्राँसेने ती जिंकली, आणि पुढच्या वर्षी मोठ्या शर्यतीत त्याने काय केलं ते वर लिहिलंच आहे.

उभं कुठे राहायचं? किंग जॉर्ज स्टँडवरून बघा, कारण पूर्ण ट्रॅक दिसला पाहिजे. पण दिवसातली एखादी तरी चेस फेन्सजवळच्या रेलिंगला टेकून बघा. टीव्हीवर कळत नाही असं बरंच तिथे कळतं. आधी जमिनीतून टापा येतात, मग जॉकींच्या शिव्या आणि हाका, मग सगळे एकदम हवेत आणि काटक्यांचा खसकन आवाज. चांगला उडणारा घोडा फेन्सला जेमतेम घासून जातो आणि उतरल्या उतरल्या पुढच्या पावलात असतो. जो उंच उडतो तो फोटोत छान दिसतो आणि जमिनीवर अर्धं पाऊल थांबतो. तुमच्या पुढच्या सगळ्या निवडींना हे अर्धं पाऊल उपयोगी पडेल. शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकमध्ये घाम बघायची महालक्ष्मीची सवय मात्र कायम ठेवा. त्या थंडीत कोणाच्या मानेवर फेस दिसला तर तो घोडा शर्यतीआधीच शर्यत पळतोय.

घोडे पडतात, कधीकधी परत उठत नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण बरोबर मुलं येणार असतील तर तुम्हाला ठरवता यावं. १९६६ ला आर्कलसारखा घोडा याच शर्यतीत पायाचं हाड मोडलेलं असताना दुसरा आला आणि पुन्हा कधी पळला नाही. आता नियम कडक झालेत, चाबकाचे फटके उड्यांच्या शर्यतीत सातपर्यंतच चालतात, फार ओलांडले तर घोडाच बाद होतो. तरीही धोका शून्य होत नाही.

भावाबद्दल दोनच गोष्टी. ११/४ म्हणजे चार पौंडांवर अकरा नफा, आणि लावलेले चार परत. दुसरं, ईच-वे (अर्धे पैसे जिंकण्यावर, अर्धे प्लेसवर, म्हणजे पहिल्या काही नंबरांत येण्यावर) लावणार असाल तर घोडे मोजा. आठ किंवा जास्त पळत असतील तर पहिल्या तिघांना प्लेस, पाच ते सात असतील तर दोघांनाच. किंग जॉर्जची यादी अनेकदा याच सीमेवर असते. आठातला एक सकाळी यादीतून निघाला की तुमचा तिसरा नंबर मातीमोल. नुसती मजा हवी असेल तर प्लेसपॉट घ्या: पहिल्या सहा शर्यतींत प्रत्येकी एक घोडा प्लेसमध्ये आला पाहिजे. छोट्या रकमेत दुपार रंगते, आणि जॅकपॉटवाल्या काकांना फोनवर सांगायला काहीतरी राहतं. भारतात तेव्हा रात्रीचे आठ-साडेआठ झालेले असतात, ते जागेच असतील.

शेवटचं, जाण्याचं. केम्प्टनला स्वतःचं स्टेशन आहे, एरवी वॉटर्लूहून थेट गाडी मिळते, पण २६ तारखेला इंग्लंडमधली जवळपास सगळी रेल्वे बंद असते. हाउन्स्लोहून तुम्हाला जवळच आहे, गाडी असेल तर पार्किंग आधी बुक करा, नाहीतर टॅक्सी आदल्या दिवशी सांगून ठेवा. परतीची टॅक्सी शेवटच्या शर्यतीनंतर शोधायला गेलात तर अंधारात तासभर गारठाल, कारण चारच्या आधीच सूर्य मावळतो. आणि गर्दीचा कंटाळा असेल तर २७ तारखेचा विचार करा. त्या दिवशी दोन मैलांची डेझर्ट ऑर्किड चेस असते, घोडे जास्त वेगात उडतात, आणि रेलिंगजवळ जागा सहज मिळते.