भूल कमरेखाली, भीती मात्र वर

प्रश्न : सोमवारी हर्नियाचं ऑपरेशन आहे. कमरेत इंजेक्शन देणार, म्हणजे मी जागाच राहणार. डॉक्टरांनी भीती उतरवणारी अल्प्राझोलामची गोळी दिलीय. सवय तर लागणार नाही ना? (एक शेतकरी, औसा)

एका-दोन गोळ्यांनी सवय लागत नाही. लागते ती महिनोन् महिने मनानेच घेत राहिलं तर. आदल्या रात्री पाव किंवा अर्धा मिलिग्रॅम घेतली की झोप लागते, आणि माझ्या मते ती झोप हाच निम्मा इलाज. सकाळी पुन्हा गोळी असेल तर संमतिपत्रावर सही आधी करा. गुंगीतल्या सहीला अर्थ नाही. जागं राहण्याचीच धास्ती असेल तर भूलतज्ज्ञांना तसं सांगा. सलाईनमधून हलकी झोप देता येते.

प्रश्न : ऑपरेशनआधी भीती उतरवायला माझ्या बहिणीला मेलाटोनिन दिली, शेजारणीला प्रेगाबालिन. चांगली कोणती? (शिक्षिका, परभणी)

चांगली कोणती यापेक्षा कोणाला कोणती, हे बघावं लागतं. पूर्ण भूल देताना पेशंट पेंगला तरी फारसं अडत नाही. कमरेखालच्या भुलीसाठी मणक्यात सुई टोचताना मात्र त्याने पाठ बाहेर काढून, हनुवटी छातीला लावून बसायचं असतं, आणि पायात करंट गेल्यासारखं वाटलं तर लगेच सांगायचं असतं. झोपेत डुलणारा माणूस यातलं काहीच करत नाही. दोघांनी धरून बसवावा लागतो. आम्हाला हवा असतो शांत, पण शुद्धीवरचा माणूस.

अल्प्राझोलाम, मिडाझोलाम भीती नक्की उतरवतात. मिडाझोलाम लवकर चढते, लवकर उतरते आणि मधलं फारसं आठवतही नाही. पण डोस जरा वाढला की पेंग येते. प्रेगाबालिन (75 ते 150 मिलिग्रॅम, तासभर आधी) भीतीबरोबर नंतरचं दुखणंही थोडं कमी करते. मात्र गरगरतं, आणि किडनी अधू असेल तर डोस कमी करावा लागतो. क्लोनिडिन ही बीपीची गोळीही यासाठी देतात, पण तिने बीपी आणि नाडी उतरते. मणक्यातल्या भुलीनेही बीपी उतरतोच, म्हणून मी क्लोनिडिन जपून वापरतो. मेलाटोनिनने भीती उतरते आणि माणूस बऱ्यापैकी भानावर राहतो. माझा कल तिच्याकडे आहे. पण फारच थरथरणाऱ्या पेशंटला ती पुरी पडेलच, असं मी म्हणणार नाही.

प्रश्न : वडील 78 वर्षांचे, खुब्याचं हाड मोडलंय. रात्री फार घाबरतात. घरात डायझेपामची झोपेची गोळी आहे, देऊ का? (माजलगाव)

देऊ नका. म्हाताऱ्या शरीरात ती कित्येक दिवस रेंगाळते. ऑपरेशननंतर माणूस बरळायला लागतो, सलाईन उपटतो, लेकराला ओळखत नाही. त्यांची बेचैनी बहुतेक वेदनेची असेल. वॉर्डातल्या डॉक्टरांना आधी ती थांबवायला सांगा. चष्मा आणि कानाचं यंत्र जवळ ठेवा, रात्री घरचं कुणीतरी उशाशी बसा.

प्रश्न : सकाळची गोळी चहाबरोबर चालते का? (जालना)

नाही. दुधाचा चहा पोटाच्या हिशेबात अन्नच, तो 6 तास आधी बंद. गोळी घोटभर साध्या पाण्याबरोबर घ्या. साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. आणि तंबाखूही नको. ‘कालपासून उपाशी आहे’ म्हणणाऱ्याच्या गालात टेबलावर घेतल्यावर बार सापडलेला आहे, एकदा नाही, अनेकदा. गोळी घेतल्यावर मोटारसायकल चालवत दवाखान्यात येऊ नका. कुणाला तरी सोबत आणा.