‘चांगला शेअर घ्या आणि विसरून जा’ हा वॉरन बफेंचा सल्ला खरंच पाळावा का?

तुम्ही रावेरकडचे, केळीचे दोन लाख हातात आलेत, आणि ते शेअरमध्ये टाकून विसरून जावं का, असा तुमचा प्रश्न आहे. विसरून जाऊ नका. बफे हे अमेरिकेतले नावाजलेले गुंतवणूकदार. त्यांनी आपल्या बर्कशायर हॅथवे कंपनीच्या भागधारकांना १९८८ च्या पत्रात लिहिलं होतं की आम्हाला शेअर कायम धरून ठेवायला आवडतो. पण त्याच वाक्यात अट होती : धंदा उत्तम हवा आणि चालवणारेही उत्तम हवेत. व्हॉट्सअ‍ॅपवर ती अट कुणी पाठवत नाही.

उत्तम धंदा कोणता, हे त्यांच्या फसलेल्या सौद्यातून जास्त कळतं. बर्कशायर हॅथवे ही मुळात कापडगिरणी. १९६५ मध्ये त्यांनी ती ताब्यात घेतली आणि १९८५ मध्ये कापडाचं काम बंद केलं. नवी यंत्रं आणली की खर्च उतरायचा, पण दुसऱ्या गिरण्याही तीच यंत्रं आणायच्या. मग कापड स्वस्त व्हायचं आणि फायदा गिऱ्हाइकाच्या खिशात जायचा. मी जळगावात जिनिंगचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यांचे, हिशेब लिहितो, तिथेही हेच पाहतो. एकाने नवी मशिनरी बसवली की आजूबाजूचे सगळे बसवतात. रुई आणि सरकीचा भाव बाजार ठरवतो, बँकेचा हप्ता मात्र आपला आपल्यालाच भरावा लागतो. असा धंदा वीस वर्षं धरून ठेवून काय मिळणार? चाळीसगाव, अमळनेर, धुळे या गिरण्यांच्या गावांतल्या जुन्या माणसांना विचारा.

याउलट सीज कँडी. १९७२ मध्ये बफेंनी ही मिठाईची कंपनी अडीच कोटी डॉलरला घेतली. २००७ पर्यंत तिच्यात आणखी फक्त ३.२ कोटी डॉलर घालावे लागले आणि तेवढ्या काळात करपूर्व नफा झाला १३५ कोटी. भाव वाढवला तरी गिऱ्हाईक तुटत नव्हतं. शेअर बघताना मी आधी हेच बघतो : कंपनी पैसा देते की खाते?

आता तुम्ही म्हणाल, अमळनेरचे विप्रोवाले? १९४५ साली तिथे वनस्पती तुपाची कंपनी म्हणून ती सुरू झाली, गावातल्या लोकांनी शेअर घेतले, धरून ठेवले आणि श्रीमंत झाले. खरंय. पण ती कंपनी पुढे कॉम्प्युटरमध्ये जाईल हे त्या वेळी कुणाला ठाऊक होतं! आणि ज्या कंपन्या बुडाल्या त्यांचे कागद सांभाळणाऱ्यांच्या गोष्टी कुणी सांगत नाही.

तुमच्या दोन लाखांतून पुढच्या लागवडीचे, खतांचे, सोसायटीच्या कर्जाचे पैसे आधी बाजूला काढा, ते बँकेतच ठेवा. उरलेल्यासाठी कंपन्या शोधत बसायला वेळ नसेल तर निफ्टीचा इंडेक्स फंड, म्हणजे निफ्टीच्या यादीतल्या सगळ्या मोठ्या कंपन्यांचे शेअर एकत्र घेणारा फंड, तोही थोडा थोडा करून. बफेंनी स्वतःच्या पत्नीसाठी मागे ठेवायच्या पैशांबाबत हीच सूचना केली आहे : ९० टक्के कमी खर्चाच्या इंडेक्स फंडात, १० टक्के अल्प मुदतीच्या सरकारी रोख्यांत. त्यांचा इंडेक्स अर्थातच अमेरिकेचा.

आणि विसरण्याचं म्हणाल तर, सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नाही तर कायद्याने ते शेअर सरकारच्या निधीकडे जातात. परत मिळतात, पण कागदपत्रांसाठी हेलपाटे घालावे लागतात. डीमॅट, म्हणजे शेअर ठेवण्याचं खातं, उघडाल त्याच दिवशी नॉमिनी (वारस म्हणून नाव) लावा आणि घरात सांगून ठेवा.