पालिकेचा कार्बन हिशेब : बिलातलं कुठलं युनिट धरायचं?

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेच्या स्वतःच्या कामकाजातून किती हरितगृह वायू बाहेर पडतात, याचा तक्ता पर्यावरण अहवालासाठी करायचा आहे. लेखा विभागाने वर्षभराचा वीज आणि डिझेलचा खर्च रुपयांत दिला आहे. त्यावरून आकडा काढता येईल का?

उत्तर : काढू नका. बिलाच्या रकमेत स्थिर आकार, वीज शुल्क, थकबाकी, व्याज असं सगळं मिसळलेलं असतं. दर वाढला की वापर तेवढाच राहूनही तुमचं उत्सर्जन वाढलेलं दिसेल. लेखा विभागाकडून ग्राहक क्रमांकांची यादी मागा आणि प्रत्येक क्रमांक प्रत्यक्ष कुठल्या जागेचा आहे ते तपासा. भाड्याने दिलेल्या गाळ्याचं मीटर अजून पालिकेच्याच नावावर आहे, असं हमखास निघतं.

सुरुवात पाणीपुरवठ्याच्या पंपांपासून करा. बहुतेक पालिकांत विजेचा मोठा वाटा तिथेच जातो, आणि सर्वांत मोठी चूकही तिथेच होते. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांची (मोठ्या जोडण्यांची) आकारणी एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे ग्रिडमधून घेतलेल्या एकूण ‘भासमान’ ऊर्जेवर होते. बिलावर केडब्ल्यूएच आणि केव्हीएएच हे दोन्ही आकडे असतात. केडब्ल्यूएच म्हणजे प्रत्यक्ष वापरलेली ऊर्जा, आपलं नेहमीचं युनिट. उत्सर्जनासाठी केडब्ल्यूएचच घ्यायचा. समजा जॅकवेलच्या (नदी-धरणातून पाणी उचलणाऱ्या विहिरीच्या) बिलात १,००,००० केव्हीएएच आहेत आणि पॉवर फॅक्टर, म्हणजे केडब्ल्यूएच भागिले केव्हीएएच, ०.९० आहे. खरा वापर ९०,००० युनिट. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा २०२३-२४ चा गुणांक युनिटमागे ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर चुकून केव्हीएएच घेतल्यास एका बिलात सुमारे सव्वासात टन फुकटचे चढतात. पुढच्या वर्षी कोणी पॉवर फॅक्टर सुधारणारे कपॅसिटर बदलले की केव्हीएएच उतरतात आणि कागदावर ‘घट’ दिसते. पंप मात्र तेवढंच पाणी उचलत असतो.

मीटर बंद असताना आलेली सरासरी बिलंही वेगळी काढा. नंतरच्या दुरुस्ती बिलात अनेक महिन्यांची युनिट एकदम येतात. ती त्या त्या महिन्यांत वाटून टाका, नाहीतर दोन आर्थिक वर्षांची सरमिसळ होते. मीटरवरचं रीडिंग स्वतः उतरवत असाल आणि मीटर सीटीवर (प्रवाह कमी करून मीटरला देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर) असेल, तर दोन रीडिंगमधल्या फरकाला बिलावर छापलेल्या गुणक अवयवाने गुणायला विसरू नका. बिलातली युनिट आधीच गुणलेली असतात. छतावर सौर पॅनेल असतील तर ग्रिडमधून आयात केलेली पूर्ण युनिट मोजा. निर्यात वजा न करता वेगळ्या ओळीत दाखवा.

डिझेलसाठी लिटरमागे २.६८ किलो, पेट्रोलसाठी २.३१ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. पेट्रोल पंपाच्या बिलातले लिटर आणि गाडीच्या लॉगबुकातले लिटर जुळवून पाहा. जुळत नसतील तर जनरेटरसाठी पिंपात घेतलेलं डिझेल आधी शोधा, ते बहुधा कुठल्याच गाडीच्या नावावर नसतं. एसीमध्ये गॅस भरल्याची पावतीही फेकून देऊ नका : आर-४१०ए या एसीतल्या गॅसचा १ किलो गळला की सुमारे २ टन कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम होतो.

प्रश्न : घंटागाड्या ठेकेदाराच्या आहेत, डिझेलही तोच भरतो. त्या धरायच्या का?

उत्तर : धरा, पण पालिकेच्या गाड्यांत मिसळू नका, ‘ठेक्यावरील कामं’ असा स्वतंत्र रकाना ठेवा. नाहीतर ज्या वर्षी काम ठेक्यावर जाईल, त्या वर्षी उत्सर्जन अचानक घटलेलं दिसेल. ठेकेदार लिटर देत नसेल तर जीपीएसवरचे किलोमीटर भागिले गाडीचं सरासरी मायलेज, असा अंदाज काढा आणि तो अंदाज आहे हे शेजारी लिहा. पुढच्या निविदेत दरमहा गाडीनिहाय इंधन कळवण्याची अट घाला. देयक त्या तक्त्याशिवाय मंजूर होणार नाही असं लिहिलं, तरच तक्ता येतो.

प्रश्न : कचरा डेपोचं काय?

उत्तर : इथे मुख्य हिशेब मिथेनचा. शंभर वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट धरतात. आज टाकलेला ओला कचरा पुढची अनेक वर्षं मिथेन सोडतो, म्हणून यंदा किती टाकला एवढ्यावर भागत नाही. डेपो सुरू झाल्यापासूनचं वर्षनिहाय वजन लागतं. वजनकाटा नंतर बसला असेल तर आधीच्या वर्षांसाठी लोकसंख्येवरून अंदाज घ्या. ढिगाची उंचीही मोजून ठेवा. आयपीसीसीच्या (हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या) पद्धतीत अनियंत्रित ढीग ५ मीटरपेक्षा कमी असेल तर मिथेन किती तयार होईल हे ठरवणारा मिथेन गुणांक ०.४, त्याहून खोल असेल तर ०.८, म्हणजे थेट दुप्पट. बायोमायनिंग (जुना ढीग उकरून, वेगळा करून साफ करणं) करून जुना कचरा हलवला असेल, तर किती टन आणि कुठल्या महिन्यात हलवला ते ठेकेदाराच्या मोजमाप पुस्तिकेतून उतरवून घ्या.