रँक चढतेय, मग कॉलेज सोडू का?

प्रश्न: सर, मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात एस.वाय.बी.एस्सी.ला आहे, विषय संख्याशास्त्र. दोन वर्षांपासून ‘हार्थस्टोन’ हा पत्त्यांचा डिजिटल गेम खेळते. एकदा लेजंड रँक मिळवली. त्यानंतर दर महिन्याला डायमंड ५ पर्यंत पोचते आणि तिथेच अडकते. रोज रात्री तीन-चार तास खेळते. एक वर्ष गॅप घेऊन पूर्णवेळ खेळले तर प्रो होता येईल का? पप्पा म्हणतात, पत्त्यांपायी लोकांची घरं धुवून निघाली, तू कॉलेज बघ. मला खेळ सोडवत नाही आणि त्यांना दुखवायचंही नाही. शेवटच्या २४० डावांची नोंद वहीत ठेवली आहे, तिचे फोटो जोडते आहे. काय करू?

उत्तर:

तुझ्या पत्रापेक्षा वहीचे फोटो मी जास्त वेळ बघत बसलो. हाताने आखलेले रकाने: तारीख, वेळ, माझी डेक (पत्त्यांचा संच), समोरचा क्लास (समोरच्याने निवडलेला पात्राचा प्रकार), पहिली चाल कुणाची, निकाल. हरलेल्या डावापुढे लाल पेनाने फुली. हे तुला कुणी करायला सांगितलं नव्हतं. करिअरबद्दल मला जे सांगायचंय ते बरंचसं त्या वहीतच आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, नाहीतर ते शोधत तू बाकीचं घाईने वाचशील. गॅप घेऊ नकोस. खेळही सोडू नकोस. रात्री अकरानंतर खेळणं मात्र आजपासून बंद कर.

हे पत्र तुझ्या पप्पांनीही वाचावं असं मला वाटतं, म्हणून त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. हार्थस्टोन हा ब्लिझार्ड कंपनीचा २०१४ साली आलेला गेम. दोघांचा डाव, प्रत्येकाची तीस पत्त्यांची डेक. पत्ते खेळायला ‘मना’ लागतो. तो पहिल्या चालीला एक, दुसरीला दोन असा दहापर्यंत वाढत जातो. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या रचनेत ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम आणि डायमंड असे पाच गट आहेत, प्रत्येकात दहा पायऱ्या, आणि त्यांच्या वर लेजंड. एका पायरीला तीन तारे. महिना संपला की पुन्हा खालून सुरुवात.

खालच्या पायऱ्यांवर सलग जिंकलं की जादा तारे मिळतात. डायमंड ५ च्या वर ती सवलत नाही. जिंकलं तर एक तारा वर, हरलं तर एक खाली. पाच पायऱ्या, म्हणजे लेजंडपर्यंत साधारण १५ तारे निव्वळ कमवायचे.

आता तुझी वही. २४० डाव, १२६ विजय, ११४ पराभव. टक्केवारी ५२.५. म्हणजे एवढ्या डावांतून निव्वळ १२ तारे. या वेगाने १५ ताऱ्यांना ३०० डाव लागतील. एक डाव सरासरी आठ मिनिटांचा धरला तरी चाळीस तास झाले. सत्तावन्न टक्के जिंकणाऱ्याला तेच अंतर काटायला शंभराच्या आसपास डाव पुरतात, म्हणजे चौदा तास. महिनाअखेरीस दोघांच्या नावापुढे लेजंडच लागतं. एक कौशल्याने चढला आणि दुसरा बसून-बसून चढला, हे त्या बिल्ल्यावरून कुणालाच कळत नाही. एकदा लेजंड झालेले बहुतेक जण ‘जास्त वेळ दिला तर आणखी वर जाऊ’ असं समजतात ते यामुळेच. डायमंड ५ च्या वर वेळेने फक्त डावांची संख्या वाढते. जिंकण्याचं प्रमाण वाढेल असं नाही, आणि दमल्यावर ते घसरतंच.

तुझं खरं प्रमाण तरी ५२.५ आहे का? तुझाच विषय आहे, करून बघ. २४० डावांवर प्रमाण त्रुटी (अंदाजातली संभाव्य चूक) सुमारे ३.२ टक्के येते. ९५ टक्क्यांचा विश्वास अंतराल घेतलास तर तू ४६ पासून ५९ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकतेस. याचा अर्थ तू सामान्य खेळाडू आहेस की फार चांगली, हे २४० डावांतून अजून ठरलेलंच नाही. आणि एवढ्याशा पुराव्यावर तू एक अख्खं वर्ष लावायला निघाली आहेस.

मग मी तुझा ‘वेळ’ हा रकाना वेगळा काढून मोजला. रात्री अकराच्या आधीचे डाव १६६, त्यांत विजय ९५. अकरानंतरचे डाव ७४, विजय ३१. म्हणजे ५७ टक्के आणि ४२ टक्के. दोन प्रमाणांमधल्या फरकाची चाचणी लाव, झेड दोनच्या थोडा वर येतो, म्हणजे नुसत्या योगायोगाने एवढा फरक सहसा पडत नाही. आकडे बघितल्यावर मी हा फरक शोधला, म्हणून त्यावर पूर्ण भरवसा ठेवू नकोस. पुढच्या महिन्याच्या नव्या डावांवर तपासून बघ. पण त्या पानांवर आणखी एक गोष्ट दिसते. अकरानंतर तू बसतेस त्या बहुतेक रात्री आधीचे दोन-तीन डाव लाल फुलीचे आहेत, आणि त्यानंतर डेकचं नाव बदललेलं आहे. गेलेला तारा परत मिळवायला बसतेस, चिडून डेक बदलतेस, नव्या डेकचा सराव नसतो, मग आणखी दोन तारे जातात. खेळाडू याला टिल्ट म्हणतात. पत्ते दर डावाला नव्याने पिसले जातात. आधीचा पराभव त्यांच्यात कुठेच उरत नाही, तो तुझ्या डोक्यात उरतो.

म्हणून पुढच्या महिन्यापुरते दोन नियम. लागोपाठ दोन डाव हरलीस की त्या दिवशी गेम बंद. आणि महिनाभर एकच डेक. कुठली, हे मी सांगणार नाही, कारण मेटा, म्हणजे सध्या कुठल्या डेक जास्त चालतात ते चित्र, दर काही आठवड्यांनी बदलतो. जी डेक समोर वारंवार येते तिच्याविरुद्ध तुझी किती टिकते एवढं बघून निवड. एखाद्या क्लासला टोला म्हणून खास कार्ड घालायचं असेल तर वहीतून आधी खात्री कर, की तो क्लास दर चार-पाच डावांत एकदा तरी भेटतो. कालच्या एका पराभवाचा राग आला म्हणून घातलेलं कार्ड उरलेल्या डावांत हातात नुसतं पडून राहतं.

मलिगनबद्दल, म्हणजे सुरुवातीला आलेले नको ते पत्ते बदलून घेण्याबद्दल, तू लिहिलंयस, ‘मी नेहमी दोन मनाचं ते कार्ड शोधते, पण नशीबच साथ देत नाही.’ नशिबाकडे जाण्याआधी गणित कर. डेकमध्ये त्या कार्डाच्या दोन प्रती आहेत आणि पहिली चाल तुझी आहे. तीन पत्ते येतात. त्यांत ते कार्ड असण्याची शक्यता १९ टक्के. नसेल आणि तिन्ही पत्ते परत टाकलेस, तर सगळं मिळून ३७ टक्क्यांच्या आत. पहिल्या दोन चालींना ओढलेले पत्ते धरले तरी ४६. म्हणजे त्या एका कार्डासाठी बाकी सगळं फेकलंस तरी निम्म्याहून जास्त वेळा ते वेळेवर येणारच नाही. म्हणून मलिगन करताना ‘हे कार्ड आलं नाही तर माझ्या पहिल्या तीन चाली काय असतील’ हा प्रश्न विचार. हातातलं बऱ्यापैकी कार्ड ठेवणं पुष्कळदा त्या शोधापेक्षा बरं पडतं. दुसरी चाल असेल तर चार पत्ते आणि वर नाणं (एका चालीपुरता एक जादा मना देणारं कार्ड) मिळतं, तेव्हा हा हिशेब बदलतो. तो तू स्वतः मांड.

दुसरी गोष्ट डावाच्या मध्याची. तुझ्या पानांवर अ‍ॅग्रो (सुरुवातीपासून वेगाने हल्ला करणाऱ्या) डेकविरुद्धचे पराभव जास्त आहेत, आणि ते लवकर झालेले नाहीत, लांबलेल्या डावांत झाले आहेत. माझा अंदाज असा की तू दर डावात एकाच बाजूने विचार करतेस: मी हल्ला करणार. पण दोन अ‍ॅग्रो डेक समोरासमोर आल्या की त्यांतल्या एकीला बचावाची भूमिका घ्यावीच लागते, आणि आपली भूमिका चुकीची ओळखणारा हरतो. ही समज ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा गेम खेळणाऱ्या जुन्या लोकांकडून आलेली आहे आणि पत्त्यांच्या कुठल्याही गेमला लागू पडते. तिसऱ्या-चौथ्या चालीला थांबून स्वतःला विचार, डाव लांबला तर फायदा कुणाचा? समोरच्याचा असेल तर तू घाई कर. तुझा असेल तर समोरच्याचे मिनियन (त्याने टेबलावर उतरवलेले लढवय्ये) मारत बस, त्याच्या हिरोवर (जो मेला की डाव संपतो, त्या मुख्य पात्रावर) धावून जाऊ नकोस. तसंच समोर मेज (जादूगाराचा क्लास) असेल आणि त्याचा मना सातावर येणार असेल, तर फ्लेमस्ट्राइकच्या (समोरच्या सगळ्या मिनियनवर एकदम मारा करणाऱ्या सात मनाच्या कार्डाच्या) भीतीने सगळे मिनियन एकदम टेबलावर न मांडणं ही जुन्या खेळाडूंची सवय. पण ही सावधगिरी दर वेळी योग्य नसते. पुढच्या चालीला तू हरणारच असशील तर ते कार्ड त्याच्याकडे नाही असं धरूनच खेळावं लागतं.

यासाठी वहीत एक रकाना वाढव: डाव कुठल्या चालीला फिरला. आणि निकाल लिहिण्याआधी तो भर. बरोबर खेळून हरलेले डाव आणि चुकीचं खेळून जिंकलेले डाव यामुळे वेगळे होतील. चुकीचं खेळून जिंकलेल्यांकडे जास्त लक्ष दे, तिथे आपण एरवी काही शिकत नाही.

आता प्रो होण्याबद्दल. मी तुला नाउमेद करणार नाही, कारण उदाहरणं खरी आहेत. २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय खेळ होते, आणि भुजच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोनमध्येच भारताला कांस्य मिळवून दिलं. २०१९ मध्ये चीनची ली शाओमंग जागतिक अंतिम स्पर्धा जिंकली. तो मान मिळवणारी ती पहिली स्त्री, आणि बक्षीस होतं दोन लाख डॉलर.

पण पुढे काय झालं तेही बघ. २०१९ मध्येच सुरू झालेली ग्रँडमास्टर्स ही हार्थस्टोनची व्यावसायिक लीग २०२२ नंतर बंद झाली. जानेवारी २०२३ मध्ये ब्लिझार्ड आणि चिनी भागीदार नेटइज यांचा करार संपला आणि चीनमधले सर्व्हरच बंद पडले. ते पुन्हा सुरू व्हायला २०२४ उजाडलं. हांगचौ एशियाडमध्ये ई-स्पोर्ट्सना पहिल्यांदा खरी पदकं होती, पण त्या यादीतून हार्थस्टोन वगळला गेला. ज्यांनी त्यासाठी तयारी केली होती, पात्रता मिळवली होती, त्यांची काही चूक नव्हती. क्रिकेटचा मालक कुणी एक नाही. या खेळाचा मालक एक कंपनी आहे. तिने करार मोडला, लीग बंद केली, नियम बदलले, तर खेळाडूचं वर्ष हवेत जातं. गॅप घेऊ नकोस म्हणण्याचं माझं सर्वांत मोठं कारण हे आहे. तुझ्या गुणवत्तेबद्दलची शंका हे ते कारण नाही.

पप्पांच्या बोलण्याकडे वळतो. त्यांची भीती खोटी नाही. ऑनलाइन रमीत पैसे घालवलेली माणसं गावोगाव आहेत, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर तेच असणार. म्हणून फरक त्यांना नीट सांग. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या गेमवर त्याने बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना वेगळी मान्यता दिली. हार्थस्टोनमध्ये डावावर पैसा लागत नाही. पण कार्डांचे पॅक पैशांनी विकत मिळतात, आणि तो खर्च हळूहळू वाढतो. आजवर किती खर्च केलास ते पत्रात नाही. तो आकडा पप्पांना आपणहून सांग आणि पुढच्या वर्षाची मर्यादा त्यांच्याशी बोलून ठरव. रात्री अकराला फोन बाहेरच्या खोलीत ठेवायला लागलीस तर अर्धा वाद तिथेच मिटेल, असा माझा अनुभव आहे.

आणि तुझं शिक्षण. तू संख्याशास्त्राला आहेस आणि करमणुकीच्या वेळेत प्राथमिक माहिती गोळा करतेस. हे मिश्रण फारसं सापडत नाही. गेम कंपन्यांत कार्डांचा समतोल राखणारे, खेळाडूंच्या वागण्याचा डेटा वाचणारे लोक लागतात. हार्थस्टोनच्या डिझाइन टीमने वरच्या फळीतले काही स्पर्धक खेळाडू पुढे नोकरीवर घेतले. त्याच गेमचा अनेक वर्षांचा डिझाइन प्रमुख बेन ब्रोड ब्लिझार्डमध्ये टेस्टर म्हणून लागला होता. २०१८ मध्ये बाहेर पडून त्याने स्वतःची कंपनी काढली आणि २०२२ मध्ये ‘मार्व्हल स्नॅप’ हा पत्त्यांचाच गेम आणला. तुला त्यासाठी अमेरिकेला जायला हवं असं नाही. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ आहे, सुपरगेमिंगसारखी इथलीच कंपनी आहे. अशा ठिकाणी अर्ज करताना ‘लेजंड रँक’ एका ओळीत लिही. वहीतल्या डावांचं विश्लेषण मात्र दोन पानांत जोड. मुलाखत त्यावरच होईल.

त्यासाठी पदवी पूर्ण हवी, आणि शक्यतो एम.एस्सी. आयआयटी जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेत गणितीय संख्याशास्त्राचा स्वतंत्र पेपर असतो, तो टी.वाय.मध्ये असताना देता येतो. भारतीय सांख्यिकी संस्थेची एम.स्टॅट.ची प्रवेश परीक्षा कठीण आहे, पण तुझ्यासारखीने ती द्यावीच. शिवाजी विद्यापीठाचा विभाग तर तुझ्या घराजवळ आहे. अनिश्चिततेचा हिशेब करायला तुला मनापासून आवडतं असं दिसतं, म्हणून अ‍ॅक्चुअरीच्या (विमा-जोखमीचा हिशेब करणाऱ्या तज्ज्ञाच्या) परीक्षांचीही माहिती काढून ठेव. त्या नोकरी करता करता देता येतात. या सगळ्याबरोबर दिवसाला एक तास खेळायला पुरतो. एका तासात सात डाव होतात, महिन्याला दोनशे. तुझं ५७ टक्के खरं असेल तर लेजंडला तेवढे पुरेसे आहेत, आणि खुल्या पात्रता स्पर्धा असतील तेव्हा तिथे नाव घालायलाही कुणाची हरकत नसावी.

टी.वाय.ला प्रोजेक्ट करावा लागेल. विषय तेव्हा शोधत बसण्यापेक्षा आत्ताच विभागातल्या सरांना किंवा मॅडमना वही दाखव आणि विचार, की दिवसाची वेळ, आधीचा निकाल आणि डेक बदलणं यांचा जिंकण्यावर काय परिणाम होतो हे लॉजिस्टिक रिग्रेशन या सांख्यिकी पद्धतीने तपासता येईल का. २४० डाव थोडे कमी पडतील. वर्षभर नोंद ठेवलीस तर दोन हजारांच्या पुढे जातील. पप्पांना मात्र आत्ताचीच पानं दाखव, लाल फुल्यांसकट.